तिसऱ्या चौकटीत अडलेलं गिऱ्हाईक

५ जानेवारी
दुकानातून, दुपारी

बये,

पत्र मिळालं आणि त्यातली ओळही मिळाली. कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून कीबोर्ड मांडला आणि एकेक अक्षर बघून ती टाइप केली. काजं करणारी आमची बाई म्हणाली, "अहो, भाचीला ईमेल करायला सांगा की, हे काय दळण दळत बसलाय?" मी म्हटलं, उचललेलं आणि चिकटवलेलं डोक्यात राहत नाही. शिवणसुद्धा मी दुसऱ्याचं कागदी कटिंग ठेवून शिकले नाही, हाताने पुन्हा आखून शिकले. तेव्हा आपला ठराव कायम. कोड पोस्टाने, हाताने लिहिलेला, आणि एका पत्राला युक्ती एकच.

font-size: clamp(1rem, 2.5vw, 1.4rem);

ही तुझी ओळ म्हणजे नाडीचा पायजमा आहे. इतकं आखडू नको, इतकं फुगू नको, या दोहोंच्या मध्ये माणूस पाहून घे. आता माझी साइट मोबाइलवर वाचता येते आणि समोरच्या बँकेतल्या मोठ्या पडद्यावरही अंगाबाहेर जात नाही.

मापांचा अर्ज मागच्या पत्रात सांगितलास तसा कडक केला. प्रत्येक चौकटीला required लावलं आणि मापांना type="number". पूर्वी लोक कमरेच्या जागी "मध्यम" लिहून मोकळे व्हायचे. मध्यम म्हणजे काय, भात आहे का? आता आकडा घातल्याशिवाय पान हलत नाही.

पण घोडं दुसरीकडेच अडलंय. लोक अर्ज उघडतात आणि अर्ध्यावर सोडून जातात. कुठे सोडतात ते कळायला काही युक्ती आहे का?

आता लग्नाचं. बारा एप्रिल ठरली हे वाचून हातातली कात्री खाली ठेवली. मुलगा चांगला असणारच, तू निवडलास म्हणजे शिवण तपासूनच घेतली असशील. मी येईन. पण निमंत्रण तुझ्या आईकडून आलं पाहिजे. तू बोलावलंस तर मी भाचीकडे आले असं होईल. तिने बोलावलं तर मी बहिणीकडे आले असं होईल. यात फरक आहे आणि तो तिलाही कळतो.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला आमचं भांडण माहीत नसेल तर सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटेल जमिनीचा तुकडा आहे. दुकान मोठं केलं त्या दिवशी माझी सख्खी बहीण बाजारातला तयार कोट घालून आली. शिंपिणीच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मी एवढंच म्हटलं, "खांदा उतरलाय." त्यावर ती म्हणाली, "तुला माणूस दिसतच नाही, नुसती शिवण दिसते." आणि निघून गेली. तेव्हापासून दोघींच्या तोंडाला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे ते तू ठरव, मी काही बोलत नाही.

तुझी
मावशी

---

१४ जानेवारी

प्रिय मावशी,

पायजमा ऑफिसात सांगितला. आमचे साहेब तासभर clamp समजावत होते, ते थांबले आणि म्हणाले, पुढच्या वेळी मावशींनाच बोलवा.

तुला हवी ती युक्ती ही घे. चौकट चुकीची किंवा रिकामी राहिली की ब्राउझर 'invalid' अशी हाक मारतो. ती हाक ऐकायची आणि सर्व्हरला चौकटीचं नाव कळवायचं:

form.addEventListener('invalid', e => {
  navigator.sendBeacon('/adakla', e.target.name);
}, true);

शेवटचं true विसरू नकोस. ही हाक चौकटीतून वर अर्जापर्यंत आपणहून येत नाही. true लावलं की आपण दारातच उभे राहतो आणि ती आत जातानाच पकडतो.

आणि एक. इथे मी फक्त चौकटीचं नाव पाठवतेय, माणसाचं नाही. त्याने काय लिहिलं तेही नाही. जोवर माणूस स्वतः 'पाठवा' दाबत नाही, तोवर त्याचं काही उचलायचं नाही. तुझ्या भाषेत, ट्रायलरूमचा पडदा बाजूला करायचा नाही.

लग्नाचं आईला सांगितलं, म्हणजे तुझी अट सांगितली. ती म्हणाली, "मी का बोलवू? येणारी येते." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. तुम्ही दोघी बहिणी आहात यात मला कधीच शंका नव्हती. मला तुम्ही दोघी हव्या आहात, मावशी, एकाच रांगेत, रजिस्ट्रारसमोर, सहीच्या टेबलाशी. बाकी लग्न कसंही झालं तरी चालेल.

आई बरी आहे. हल्ली मोबाइल घेऊन बसते. काय बघतेस विचारलं तर म्हणते, काही नाही.

तुझी
भाची

---

२८ जानेवारी

बये,

तुझी हाक मारणारी ओळ बसवली. तुझ्या form चं मी 'अर्ज' केलं. मराठीत नावं दिली तरी त्याला चालतं हे मला माझं मीच कळलं. आता आमचा कोड आमच्या काजवालीलाही अर्धा वाचता येतो. ती म्हणते, "addEventListener तेवढं तुमच्याकडे ठेवा."

आणि काय सापडलं सांगू? कुणीतरी रोज दुपारी येतं. नावाची चौकट भरतं, फोनची भरतं, आणि तिसऱ्या चौकटीत, छातीच्या मापाशी, अडतं. 'पाठवा' दाबतं, पुन्हा दाबतं, निघून जातं. दुसऱ्या दिवशी हजर. खऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या छातीचं माप घ्यायला एवढे दिवस लागतात होय?

मी ओळखलं. हा समोरचा तयार कपडेवाला. माझा अर्ज कसा चालतो ते बघून तसाच स्वतःच्या दुकानाला लावायचा बेत आहे त्याचा. काजवाली म्हणाली, "त्याला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही हो, परवा माझ्याकडून पाठवून घेतला." मी म्हटलं, नाटक असेल. चोराच्या मनात चांदणं.

मग मी पुस्तकातून शोधून काढलं की ब्राउझर जो कोरडा निरोप दाखवतो, "ही जागा भरा" वगैरे, तो आपल्याला बदलता येतो. setCustomValidity. तुझ्या मदतीशिवाय बसवलं, शाबासकी दे. आता कुणी छातीची चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं की पाटी येते:

"आकडा घालायचा नसेल तर उगाच येरझाऱ्या घालू नका. हे दुकान कामाचं आहे."

लावल्यापासून तो फिरकला नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

तिकडून निमंत्रणाचं काही?

मावशी

---

४ फेब्रुवारी

मावशी,

ती आई होती.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुला वाटेल मी चिडलेय. चिडलेय थोडी, पण अर्धा राग माझ्यावर आहे, म्हणून सगळं लिहिते.

डिसेंबरात आईने मला तुझ्या साइटचा पत्ता विचारला होता. "सहज," म्हणाली. तुला कळवू नको अशी शपथ घातली, म्हणून मी गप्प राहिले. तिला लग्नासाठी कोट शिवून घ्यायचा होता, तुझ्याकडून. तिच्या डोक्यात असं की ऑर्डर पाठवायची, म्हणजे तेच निमंत्रण झालं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तू तिला ओळखतेसच.

छातीच्या चौकटीत तिला लिहायचं होतं, "तुला ठाऊक आहे." पण तिथे बोट ठेवलं की मोबाइलवर फक्त आकड्यांची बटणं उघडतात. अक्षर उमटवायला जागाच नाही. तिला वाटलं आपलंच काही चुकतंय, म्हणून रोज जेवण झालं की पुन्हा बसायची. ती type="number" मी तुला दिली. माझ्या डोक्यात गिऱ्हाइकं होती, आई नव्हती.

आणि मग तुझी पाटी आली. तिने मला मोबाइल दाखवला. संध्याकाळी म्हणाली, "माझी येरझार तिला जड झाली. दारात उभी केली नाही ते नाहीच, वर हाकलून दिलं." मी समजावलं की ते समोरच्या दुकानदारासाठी होतं. म्हणाली, "दुकानदाराला तरी असं का बोलायचं?"

आता लग्नाच्या यादीत तुझं नाव मी लिहायचं की नाही हेच ती बोलत नाही.

आणखी एक. setCustomValidity ने लावलेला निरोप आपणहून जात नाही. माणसाने टाइप केलं की setCustomValidity('') असं करून पुसावा लागतो. नाही पुसला तर बरोबर आकडा घातला तरी चौकट नाहीच म्हणत राहते. तू पुसलायस का?

मी मध्ये पडणार नाही. माझं ओझं झेपेल तेवढं झालंय. सांगायचं ते तू सांग.

भाची

---

११ फेब्रुवारी

बाळा,

पुसला नव्हता. आज सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या. "मी कुठल्या येरझाऱ्या घातल्या?" म्हणाल्या. त्यांनी आकडा घातला होता, पण आधी एकदा चुकून चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं म्हणून नंतर पाटी हलेच ना. त्यांना खुर्ची दिली, माफी मागितली, बाहीची लांबी फुकट वाढवून देते म्हटलं. त्या हसल्या. तुझी आई हसणार नाही.

पाटी उतरवली. समोरच्या दुकानदाराकडे पाहून उगाच नमस्कार केला. तो बिचारा गोंधळला.

तुझं पत्र वाचल्यापासून सुईत दोरा जाईना. काजवालीने ओवून दिला आणि म्हणाली, "फोन करा." केला. आवाज आला तिचा, "कोण?" मी ठेवून दिला. आता तिला वाटत असेल तो दुकानदारच उगाच येरझाऱ्या घालतोय. पत्र लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीत मी तिला समजावायला लागले की खांदा खरंच उतरला होता. फाडलं. मला माफी मागता येत नाही बघ. दुरुस्ती करता येते.

म्हणून एक दुरुस्ती केलीय. पुस्तकात नाही, कुणी सांगितली नाही. मापांचे type="number" काढून साधे text केलेच, पण त्यापुढे हे लिहिलंय:

नाव.addEventListener('input', () => {
  अर्ज.noValidate = (नाव.value === 'चिंगी');
});

noValidate म्हणजे तपासू नकोस, असं मला समजलंय. चिंगी म्हणजे तुझी आई. घरात सगळे तिला तेच म्हणायचे, तुला माहीत असेल-नसेल. म्हणजे बाकी साऱ्या गावाने आकडे द्यायचे. तिने नुसतं नाव लिहिलं की अर्ज तिला काही विचारणार नाही.

हे चालेल का ते बघ. चालत नसेल तर चालायला लाव.

मावशी

---

१९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा कोड ऑफिसात मोठ्या पडद्यावर लावून तपासला. साहेब म्हणाले, "हे लिहिणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही. एका माणसासाठी कोडात अट घालायची नसते, उद्या दुसरा येतो, परवा तिसरा, मग कोडाची गोधडी होते." मी गोष्ट सांगितली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चालू दे. पण चाचणी कर." आणि स्वतः कीबोर्ड ओढून 'चिंगी' लिहिलं.

तिथे चाललं. पण त्यांच्या मोबाइलवर लिहिलं तर मुळीच नाही. कारण मोबाइल शब्द सुचवतो आणि तो निवडला की मागे एक रिकामी जागा सोडतो. तुझ्या === ला 'चिंगी' आणि 'चिंगी ' या दोन वेगळ्या बायका वाटतात. त्यावर औषध:

नाव.value.trim() === 'चिंगी'

trim पुढची-मागची रिकामी जागा कापतं. तू शिवण झाल्यावर लोंबणारे दोरे कापतेस तसं.

साधे text केलेस ते उत्तम. त्यांना inputmode="decimal" लाव. मग बाकीच्यांना मोबाइलवर आकड्यांची बटणं मिळतील आणि कुणी संगणकावरून अक्षरं लिहिली तरी अडणार नाही. आणि शेवटी एक मोठी मोकळी चौकट ठेव, textarea, "आणखी काही?" अशी. अर्जात माणसाला बोलायला एक जागा हवी, हे मी आता आमच्या सगळ्या अर्जांसाठी ठरवून टाकलंय.

आईला मी एवढंच म्हणाले, "मावशीच्या साइटवर जा आणि फक्त नाव लिही, घरातलं." ती म्हणाली, "मला काय काम नाही?" मध्ये पडणार नव्हते ना. एवढंच पडले.

तुझी
भाची

---

६ मार्च

बाळा,

काहीच आलं नाही. सदऱ्यांच्या ऑर्डरी येतात. चौकट बिनघोर चालते. कुणी अडत नाही आणि मला तेच खुपतंय. लग्न जवळ आलं. काजवाली म्हणते, "उघडी ठेवलीत ना चौकट, मग बसा गप्प." गप्प बसायला मी कधी शिकले नाही, आता शिकतेय.

मावशी

---

१३ मार्च

बाळा, घाईत लिहितेय, चहा निवतोय.

आलं. जसंच्या तसं उतरवून देते.

नाव: चिंगी
फोन, छाती, कंबर, बाही, सगळं रिकामं.
आणखी काही: "लांब कोट. रंग तुझ्या मनाने. हे निमंत्रण नाही, ऑर्डर आहे. गैरसमज नको. पान मला काही विचारत नाही हे बरंय. मी तीनदा तपासलं."

काजवालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मापं?" मी म्हटलं, पाठ आहेत. लगेच कापड काढलं, करड्या रंगाचं, निळी झाक असलेलं. तिने मागे कधीतरी या रंगाकडे दोनदा वळून पाहिलं होतं. कापलं, कच्चा टाका घातला आणि तिला कार्ड टाकलं: "ट्रायलला ये. कोट कच्चा आहे, पोस्टाने पाठवला तर वाटेत उसवेल." शेवटचं खोटं आहे. तू सांगू नकोस.

निमंत्रण नाही म्हणालीय. मग कुठल्या तोंडाने येऊ बारा तारखेला? पण कोट तर होऊ दे.

मावशी

---

२९ मार्च

बये,

काल ती आली.

दारातून आत शिरली तेव्हा मी खाली वाकून शिवण उसवत होते. काजवालीने मला कोपराने ढोसलं. वर पाहिलं. ती मशीनकडे बघत म्हणाली, "धूळ फार आहे तुझ्याकडे." मी म्हटलं, "कापडाची आहे, चालते." एवढ्या दिवसांनी आमचं पहिलं बोलणं धुळीवर झालं. चालेल.

कच्चा कोट तिच्या अंगावर घातला आणि माझं तोंड उतरलं. बसला नाही. खांदे सैल, कमरेला ओढत होता, पाठीवर सुरकुती. पाठ असलेली मापं जुनी निघाली, बाळा. ती बारीक झालीय खांद्याला आणि कमरेला भरलीय, आणि किंचित पुढे झुकून उभी राहते. हे मला कुठून कळणार, मी बघितलंच नव्हतं तिला. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "बोल ना, खांदा उतरलाय." मी म्हटलं, "खांदा बरोबर आहे. कोट चुकलाय."

(मध्येच पेन हिसकावलं. हे अक्षर तुझ्या आईचं, रात्री मी इथेच राहिले. कोट एवढा काही चुकला नव्हता. ही वाढवून सांगते. आणि दुकानात खरंच धूळ आहे. मी फडकं मारलं तर हिची काजवाली माझ्यावर ओरडली. आता ती आणि मी एकत्र चहा घेतो. तुझी मावशी चहात साखर कमी घालते, आपल्याकडे लग्नाच्या दिवशी चहाचं कुणाकडे द्यायचं ते बघ, हिच्याकडे देऊ नको.)

पेन परत मिळालं. तर मग टेप घेतली आणि नव्याने मापं घेतली, सगळी, पहिल्यापासून. शिवणीच्या आत दुमडायची माया भरपूर ठेवली होती म्हणून कापड वाचलं. ती हात पसरून उभी, मी तिच्याभोवती फिरतेय, काजवाली आकडे टिपतेय. मी पाठीमागची शिवण धरून टाचण्या लावत होते, सगळ्या टाचण्या तोंडात. तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाराला सकाळी लवकर ये. तुला उशीर करायची सवय आहे. सहीच्या वेळी माझ्या डाव्या बाजूला उभी राहा, उजवीकडे नवऱ्या मुलाची आई असेल."

तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे हो म्हणता आलं नाही. नुसती मान हलवली. ती आरशातून बघत होती. म्हणाली, "रडू नको, टोचतील."

तुझी
मावशी